सीदी नासिरची ठेव

"पोर कुणापाशी ठेवून आलीस म्हणालीस?"

हाज्जा नफीसानं हे मला पुन्हा विचारलं तेव्हा आमची गाडी घाटाच्या पहिल्या वळणावर होती आणि खाली समुद्र नुकता उघडा पडायला लागला होता. पुढे हाज्जा, तिच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. मागे मी, पायाशी रक्तदाब मोजायचं यंत्र. आणि गाडी चालवायला तिचा मुलगा फरज.

"बहिणीपाशी, हाज्जा."

"थोरल्या की धाकट्या?"

"थोरल्या. तारा तिचं नाव."

"तिला स्वतःचं मूल?"

"नाही."

"हं," म्हणून तिनं मान डोलावली. हा 'हं' मला नवा नव्हता. दवाखान्यात तिचा दंड बांधून मी पारा वर चढवत असले, की म्हातारी हेच सवाल याच क्रमानं विचारायची आणि शेवटी हाच 'हं'. मला वाटायचं, वय झालं, विसरते. ती काही विसरत नव्हती, हे मला त्या दिवशी कळायचं होतं.

मी सगुणा अमोलिक, नगरची. मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. नवरा, देवदान, ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा रुथ चार वर्षांची होती. तेव्हा लिबियात नर्सेस हव्यात अशा जाहिराती यायच्या, पगार चांगला असायचा. मी रुथला ताईच्या पदरात घातलं आणि विमानात बसले. जाताना ती झोपली होती. झोपेतच तिला ठेवून आले, हे खरं, आणि ते मला तिथं रोज टोचत होतं.

माझी नेमणूक झाली ती समुद्राकाठच्या सूसा नावाच्या लहानशा गावात. गावाच्या पाठीशी डोंगर, त्याचं नाव हिरवा डोंगर. नाव ऐकून मी मनात हसले होते. वाळवंटातला हिरवा डोंगर म्हणजे आमच्या नगरच्या दुष्काळी माळाला कुणी नंदनवन म्हणावं तसलाच प्रकार असणार. पण तो खरंच हिरवा निघाला. समुद्रापासून दोन पायऱ्यांनी चढत जाणारा. पहिल्या पायरीवर लाल माती, गहू, आणि ग्रीकांनी वसवलेल्या शहराचे मोडके खांब. दुसऱ्या पायरीवर सरूची झाडं आणि धुकं. तिच्यापलीकडे उतार, आणि उतार संपला की वाळवंट. त्या मोडक्या खांबांच्या शहराचं नाव कुरेने. चर्चमध्ये मी ते लहानपणी ऐकलेलं होतं, क्रूस वाहायला लावलेल्या माणसाचं गाव म्हणून. असं गाव खरोखर असतं आणि तिथं बकऱ्या चरतात, हे मला इथं येऊन कळलं.

या सगळ्या मुलखाचं जुनं नाव बर्का. मी यायच्या बरीच वर्षं आधी सरकारनं ते प्रांताचं नाव पुसून टाकलं होतं आणि तुकडे करून जिल्हे पाडले होते. केसपेपरवर आम्ही जिल्हा लिहायचो. हाज्जा मात्र "लिही, बर्का" म्हणून हटून बसायची. मला त्याचं नवल वाटलं नाही. निजाम जाऊन जमाना झाला तरी आमच्याकडे शीवेपलीकडच्या गावांना अजून मोगलाईच म्हणतात.

हाज्जाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. बेनगाझीला परदेशातून डोळ्यांचा मोठा सर्जन आला होता आणि पुढच्या आठवड्यात तो परत जाणार होता. आमच्या डॉक्टरांनी खटपट करून तिचं नाव घातलं होतं. आता नाही तर मग नाहीच, असा मामला. आणि म्हातारी अडून बसली. "आधी सीदी नासिर, मग डोळे." सीदी म्हणजे तिकडचे पीर. सीदी नासिरची कबर डोंगराच्या दुसऱ्या पायरीवर, रानात. हाज्जा तिकडे कित्येक वर्षांत गेली नव्हती, आणि आता जायचं तर सोबत 'ती हिंदी पोरगी' हवी म्हणून दुसरा हट्ट.

फरज आमच्याच दवाखान्याची गाडी चालवायचा. पन्नाशीला टेकलेला, अंगानं थोराड, मिशीत हसणारा. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सिस्टर, तुमची शुक्रवारची सुट्टी मोडते, मला कळतं. पण ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. माझं तर नाहीच."

"माझंच का म्हणे?"

"ते तिला विचारा. मला म्हणाली, तू गाडी चालव, तेवढंच तुझं काम."

मला वाटलं, रक्तदाबासाठी.

पहिली पायरी चढल्यावर फरजनं गाडी कडेला घेतली. "सिस्टर, उतरा. हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नसतं."

खाली सगळा किनारा पसरला होता. वारा नव्हता. पाणी इतकं निवळ की तळाचे रंग वर आलेले. फरजनं बोट केलं. "त्या काळ्या रेषा दिसतात? भिंती आहेत. जुनं बंदर. जमीन बसली आणि अर्धं गाव पाण्यात गेलं. लहानपणी आम्ही त्या गल्ल्यांवरून पोहत जायचो. दारातून मासे आत-बाहेर करतात."

मी बघत राहिले. पाण्याखाली खरंच चौकोन होते, खोल्यांसारखे, आणि त्यांच्यावरून उन्हाची जाळी सावकाश हलत होती. तिथं कुणीतरी चूल पेटवली असेल, लेकराला न्हाऊ घातलं असेल. घर बुडालं, पण घराचा आकार बुडाला नाही.

"मलाही दिसतंय," हाज्जा गाडीतून म्हणाली.

"यम्मा, तुला समोरचा हात दिसत नाही," फरज म्हणाला.

"मी हात म्हटलं का? गाव म्हटलं."

फरज हसला. यम्मा म्हणजे आई. एवढा बाप्या, पण तो शब्द उच्चारताना शाळेतल्या पोरासारखा व्हायचा. लग्न केलं होतं, बायको बाळंतपणात गेली, मग दुसरं केलं नाही. ती दोघंच एकमेकांना होती.

वर कुरेनेचे खांब मागे पडले. पुढे रस्त्याकडेच्या दगडावर मधाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. फरजनं एक घेतली.

"पुन्हा घेतलास?" हाज्जानं न बघताच विचारलं. वासानं ओळखलं असावं.

"घेतला."

"घरात आणायचा नाही."

"गाडीत ठेवीन."

मला त्यानं बोटावर दिला. आधी गोड लागला आणि मग कडुनिंब चावल्यासारखी जीभ आखडली. "हा इथला कडू मध," तो म्हणाला. "एका झाडाला थंडीत फुलं येतात, त्यांचा. बाकी कुठं मिळत नाही. मला ही चटक कुठून लागली देव जाणे. घरात तर यम्मानं कधी येऊ दिला नाही."

हाज्जाचे हात गाठोड्यावर घट्ट झाले होते. मी पुढे वाकून नाडी बघितली, ती पळत होती.

"हाज्जा, परत फिरायचं का?"

"आता नाही," ती म्हणाली. "फार परत फिरले मी."

डांबरी रस्ता सुटला. रानातली वाट धुक्यातून जायची आणि मध्येच उन्हात बाहेर पडायची. हाज्जा काच खाली करून वास घेत होती आणि "डावीकडे", "आता ओढा लागेल" असं सांगत होती, आणि ओढा लागायचा. मध्येच म्हणाली, "केवढे तंबू पडलेत बघा उतारावर." उतारावर काहीच नव्हतं, नुसता पिवळा गवताळ माळ. फरजनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पण खरं सांगते, क्षणभर मलाही तिथं धूर दिसल्यासारखा वाटला. त्या डोंगरावर असं व्हायचं. तिथं काल आणि आज यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता पडदा होता आणि तो वाऱ्यानं हलायचा.

सीदी नासिरची कबर म्हणजे चुना फासलेली घुमटी. पुढे जुनाट झाड, भोवती दगडांचं कुंपण. नगरात वाढलेल्या माणसाला पिराचा उंबरा अनोळखी नसतो. आमच्यात नवस नाहीत, पण आजूबाजूच्या सगळ्या जातीची माणसं पिराला नारळ फोडताना बघतच मी मोठी झाले. तरी इथलं एक मला कळेना. घुमटीच्या आत, भिंतीला टेकून, सामान ठेवलेलं. लाकडी नांगर, गुंडाळलेला तंबू, दगडी जातं, चहाची किटली. एक सायकलसुद्धा होती.

"हे कुणाचं?"

"ज्याचं त्याचं," फरज म्हणाला. "धनगर लोक हंगाम बदलला की दुसरीकडे चारायला जातात. जड सामान कुठं वागवणार? ते सीदीपाशी ठेवून जातात. परत आले की घेतात."

"चोरी होत नाही?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू चर्चमधली दानपेटी फोडायची गोष्ट मी काढली होती. "सीदीपाशी ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. वर्ष होवो, दहा वर्षं होवोत. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं. एवढा एकच कायदा आहे या डोंगरावर जो कुठल्या सरकारला बदलता आला नाही. तुर्क गेले, इटलीवाले गेले, राजा गेला. नांगर जागच्या जागी."

हाज्जा माझ्या दंडाला धरून आत आली. हातानं भिंत चाचपत ती उजव्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं जमीन मोकळी होती. "फरज, इथं बस," ती म्हणाली.

"मी?"

"बस म्हटलं ना."

तो मांडी घालून बसला. हाज्जानं झग्याच्या आत हात घालून कमरेचं काहीतरी सोडलं. विणलेली पट्टी होती, दोन बोटं रुंद. कधीकाळी लाल असावी, आता विटकरी झाली होती. तिनं ती फरजच्या मनगटावर गुंडाळली आणि गाठ मारली. त्याला वाटलं, पिराचा गंडादोरा असेल. तो हसत होता.

"सगुणा," ती म्हणाली. तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "तू साक्षीला राहा. तू पण ठेवून आलेली आहेस. तुला कळेल."

मग तिनं सांगितलं. उभ्यानंच, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. आवाज चढवला नाही की रडली नाही.

"आम्ही मूळचे इथले नव्हे, हे तुला ठाऊक आहे, फरज. माझा बाप क्रीट बेटावरून आला, तुर्कांच्या राज्यात. आम्ही किनाऱ्यावरचे, मासेमार. डोंगरावरचे लोक वेगळे. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मूल होईना. तेव्हा मी पायी इथं आले, सीदीला दिव्याचं तेल घेऊन. मूल मागायला. त्याच दिवसांत इटलीच्या सरकारनं डोंगर रिकामा करायला काढला होता. सगळ्या टोळ्या, बायका-पोरं, गुरं, सगळं हाकलून पश्चिमेला नेत होते, वाळवंटाच्या कडेला. तिथं तारांच्या कुंपणात कोंडलं. आम्हा गावातल्यांना सोडलं. मी चढत होते तेव्हा माळ भरून माणसं चालली होती. पोचले तेव्हा माळ रिकामा होता. भाकऱ्या तव्यावर करपत होत्या आणि तव्यापाशी कुणी नव्हतं."

तिनं मोकळ्या हातानं कोपऱ्याची भिंत पुन्हा चाचपली. बाहेर झाडात कुठलासा पक्षी बोलत होता.

"आत आले. असंच सामान होतं. नांगर, तंबू. आणि या कोपऱ्यात, घोंगडीत गुंडाळलेला, तू होतास. मनगटाला ही पट्टी. रडत नव्हतास. मी दिवा लावला तर दिव्याकडे बघायला लागलास."

फरजचं हसू अजून तोंडावरच होतं, पण त्यातून तो निघून गेला होता.

"मी मूल मागायला आले होते," हाज्जा म्हणाली. "मागितलं आणि समोर ठेवलेलं. मी काय समजायचं? मला वाटलं, सीदीनं दिलं. मी तुला उचललं आणि धावत सुटले. नांगर-तंबूचा कायदा मला ठाऊक होता. माणसाला तो लागू होईल असं माझ्या मनात आलं नाही. शपथेवर सांगते, त्या दिवशी नाही आलं."

"मग कधी आलं?" फरजनं विचारलं.

"ते तारांचं कुंपण काढल्यावर. जे वाचले ते परत आले, थोडेच आले. तू धावायला, बोलायला लागला होतास. तुला घेऊन मी इथं आले, सीदीचे उपकार मानायला. दारात एक बाई बसली होती. उंच, वाळलेली. ती या कोपऱ्याकडे बघत होती. नांगर होता, तंबू होता, मधली जागा रिकामी होती. तिनं तुला जवळ बोलावलं. तिच्यापाशी कडू मध होता, भाकरीला लावून तुला भरवला. तू तोंड वाकडं केलंस आणि पुन्हा मागितलास. मग तिनं तुझे पाय हातात घेतले. किती तरी वेळ पायच बघत होती. मला विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, माझा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ते आज इतक्या वर्षांनी तिच्या पांढऱ्या बुबुळांत मला दिसलं.

"ती काय म्हणाली?" फरजनं विचारलं.

"म्हणाली, देव त्याला तुझ्यापाशी राखो. एवढंच. दुसऱ्या वर्षी मी लांबून बघितलं. ती बसलेली होती. तिसऱ्या वर्षी पण. मी दर वेळी परत फिरले. मग यायचंच सोडलं. ती कधी यायची थांबली मला माहीत नाही. नावही माहीत नाही, टोळीही नाही."

तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला. "मी तुला परत ठेवलं, फरज. इथून उचललं होतं, इथंच ठेवलं. चोरीचं घरात ठेवून मी डोळे उघडणार नाही. उघडले तर तुझंच तोंड आधी दिसणार, आणि ते बघायचा मला हक्क नाही. तू इथं बस. ज्यानं ठेवलं त्याचं कुणी ना कुणी येईल. चल, सगुणा."

मी तिला गाडीपर्यंत नेलं. काय करणार? दार लावलं, शेजारी बसले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्याला ठेवून निघालो तोच गाडी हाकणारा. तिला दिसत नव्हतं आणि मला सायकलसुद्धा येत नव्हती. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी मात्र ब्रह्मांड आठवलं. तिचा दाब मोजला, तो नको तितका वर होता. गोळी दिली. ती तिनं गुपचूप घेतली आणि डोळे मिटून बसली.

धुकं खाली आलं आणि वर गेलं. आम्ही भाकरी खाल्ली, म्हणजे मी खाल्ली. मधून मधून ती विचारायची, "कुणी आलं का?" मी म्हणायची, "नाही, हाज्जा." तिला खरंच वाटत होतं, माळ उतरून कुणीतरी येईल, उंच, वाळलेलं, आणि आपली वस्तू मागेल. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्या वाटेकडे बघत होते.

उन्हं कलली तशी मी पाण्याची बाटली घेऊन घुमटीत गेले. फरज तसाच बसला होता. बाजूला नांगर, बाजूला सायकल. इतका मोठा माणूस, पण सामानात सामान दिसत होता.

"मला आठवते ती," तो म्हणाला. "बाई नाही. बोट आठवतं. मधाचं बोट." त्यानं पाणी प्यायलं नाही. "सिस्टर, ती तीन वर्षं आली. पाय बघितले म्हणजे ओळखलंच असणार. मग मागितलं का नाही?"

मला काय ठाऊक? पण रुथची आई म्हणून जे आलं ते बोलले. "तुम्ही कुणाच्या कडेवर होतात ते तिनं बघितलं असेल. तारेच्या कुंपणातून आलेली बाई. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, तिला कळत असणार. आणि तुम्ही जिच्या कडेवर होतात, तिला सोडून तुम्ही त्या परक्या बाईकडे जायला तयार झाला नसता. ते बघणं तिला झेपलं नसतं."

हे बोलताना मला ताईच्या कडेवरची रुथ दिसत होती.

तो बराच वेळ मनगटावरच्या पट्टीशी चाळा करत राहिला. मग एकदम थांबला. मान वर केली. त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

"यम्माला घेऊन या," तो म्हणाला.

"ती यायची नाही."

"तिला सांगा, सीदीपाशी तिची एक वस्तू राहिलीय."

हाज्जा आली. कशी आली ते विचारू नका, अर्धी मी ओढत आणली. उंबऱ्यावर थबकली. "कुणी आलं का?" तिनं विचारलं.

"नाही," फरज म्हणाला. "यम्मा, एक सांग. मला इथं कुणी ठेवलं?"

"तिनं. तुझ्या आईनं."

"ते तेव्हा. आज कुणी ठेवलं?"

फरज माझ्याकडे वळला.

"सिस्टर साक्षीला आहेत. बोला सिस्टर, आज सकाळी या कोपऱ्यात मला कुणी बसवलं? मनगटाला पट्टी कुणी बांधली?"

"हाज्जांनी," मी म्हटलं.

"मग झालं तर. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं. दुसऱ्या कुणाला मला इथून हलवता यायचं नाही, मला स्वतःलासुद्धा नाही. तू उचललं नाहीस तर मी इथंच नांगराशेजारी म्हातारा होणार, आणि तुम्ही दोघी त्या गाडीत."

हाज्जानं मान हलवली. "माझा हक्क नाही रे."

"सकाळी नव्हता. मला परत ठेवायला आलीस, तेव्हा आला."

ती भिंत चाचपत गेली. त्याच्याजवळ न जाता आधी कबरीपाशी बसली, कपाळ टेकलं, आणि अगदी हळू काहीतरी विचारलं. त्या पहिल्या दिवशी ते विचारायचं राहून गेलं होतं. उत्तर आलं की नाही हे तिला आणि सीदीला माहीत. मग तिनं हात पुढे केला, फरजचं मनगट पट्टीसकट धरलं आणि ओढलं. तो उठला. गुडघे कडकडा वाजले. त्याच्या छातीत तोंड घालून ती रडली, आणि तोही रडला, आणि मला कुणी विचारलं नव्हतं तरी मीही.

निघताना फरज गाडीकडे गेला आणि मधाची बाटली घेऊन परत आला. ती त्यानं त्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवली. "तिचाच आहे," तो म्हणाला. "माझ्यापाशी राहिला होता."

उतरताना समुद्र तांबूस झाला होता आणि पाण्याखालच्या भिंती दिसत नव्हत्या. हाज्जानं फरजच्या मांडीवर हात ठेवला होता. गिअर बदलताना त्याला अडचण होत होती, पण त्यानं तो काढायला लावला नाही. घाटाच्या शेवटच्या वळणावर तिनं मान वळवली. "पोर कुणापाशी ठेवून आलीस, सगुणा?"

"बहिणीपाशी."

"उचलायला कधी जाणार?"

या वेळी 'हं' नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

हाज्जाचे डोळे उघडले ते बेनगाझीला. पट्टी काढली तेव्हा मी सोबत होते. तिनं फरजच्या तोंडाकडे एकटक बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू तर म्हातारा झालास." अख्खा वॉर्ड हसला. त्याच महिन्यात माझा तीन वर्षांचा करार संपत होता. तो वाढवायला साहेबांनी बोलावलं, पगार वाढवून देत होते. मी नको म्हटलं.

नगरच्या एसटी स्टँडवर ताई उभी होती. रुथ तिच्या मागे, तिच्या पदराचं टोक धरून. ताईला तिनं आई म्हणून हाक मारली आणि कानात काहीतरी विचारलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला सीदी नासिरच्या कोपऱ्यात आधीच भेटलेलं होतं, म्हणून मी लगेच पुढे झाले नाही.

"ताई," मी म्हटलं, "शेजारचीच खोली बघू. लांब नको."

ताईचा चेहरा सैल झाला. मी पिशवी खाली ठेवली, उकिडवी बसले आणि आधी रुथचे पाय पाहिले. मी गेले तेव्हा ते माझ्या मुठीत मावत होते. आता नव्या चपलांतून अंगठे बाहेर आलेले होते.

"बघत काय बसलीस?" ताई वरून म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "ठेवलीस तू ना? मग उचल."

मी उचललं. पोर जड झाली होती.